तेच रेस्टॉरंट, तेच टेबल, पण... (महागड्या ठिकाणचे बरेवाईट अनुभव)

रानजाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे एक छोटं पण भारी रेस्टॉरंट आहे, चेन वगैरे नाही, शेफच मालक. आठ-नऊ टेबलं, मेन्यू एका पानाचा, दर दीड-दोन महिन्यांनी बदलतो. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी आणि नवरा पहिल्यांदा गेलो. खिशाला चांगलीच कात्री लागते त्यामुळे वर्षातून एकदाच परवडणारी चैन, पण ती संध्याकाळ मी अजून विसरले नाहीये. ब्रेड गरम आणि सोबतचं लोणी बोटाने दाबलं तर दबेल इतकं मऊ (फ्रीजमधून काढलेलं दगडासारखं लोणी गरम ब्रेडवर फासताना ब्रेडच फाटतो, ते मला अजिबात आवडत नाही). सूपचा बोल रिकामा आला, तळाला फक्त भाजलेल्या मशरूमचे चार तुकडे, आणि वेटरने समोर उभं राहून वरून गरमागरम सूप ओतलं, तो वास आला आणि आम्ही दोघं बोलायचेच थांबलो. माशाची कातडी चमचा मारला की कर्र वाजत होती. आणि सगळ्यात लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे मी डावखुरी आहे, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, पण दुसऱ्या कोर्सपासून माझा ग्लास आणि चमचा गुपचूप डाव्या बाजूला यायला लागला. कुणी काही बोललं नाही, नुसतं केलं. इतक्या वर्षांत कुठल्याच हॉटेलात असं झालं नव्हतं.

म्हणून सहा महिन्यांनी आईबाबांच्या लग्नाच्या ४०व्या वाढदिवसाला त्यांना तिथेच घेऊन गेले. बाबा बाहेर जेवायला नाखूषच असतात, मी आठवडाभर त्यांच्या मागे लागले होते की तुम्ही एकदा बघाच. आठचं बुकिंग होतं, आम्ही पाच मिनिटं आधीच पोचलो, आणि पाऊण तास दाराशी उभे. आईचे गुडघे दुखतात. दर वेळी "बस दोन मिनिटं" एवढंच उत्तर, खुर्ची कुणी विचारली नाही. टेबल मिळालं ते नेमकं आमचंच पहिल्या वेळचं, मला वाटलं आता सगळं ठीक होईल. तर सूप कोमट. माझा, आईचा आणि नवऱ्याचा मासा आला, बाबांची प्लेट नाही, आम्ही तिघं हात बांधून बसलो, बाबा म्हणताहेत तुम्ही सुरू करा गार होईल, आई म्हणतेय नाही थांबूया, शेवटी पंधरा मिनिटांनी त्यांची प्लेट आली तेव्हा आमचं सगळं गार. कातडी मऊ पडलेली, ओल्या कागदासारखी. मधेच एक मुलगा जाता जाता "एव्हरीथिंग ओके?" विचारून गेला, न थांबता, आणि आम्ही चौघंही एकसुरात म्हणालो छान आहे! बिलात न मागवलेलं एक डेझर्ट लावलेलं. ते मी भरून टाकलं, कारण बाबांसमोर वाद नको होता.

गाडीत बाबा एवढंच म्हणाले, "तुझ्या मनात होतं ना, तेच महत्त्वाचं." मला रडूच आलं.

घरी येऊन एक स्टारचा लांबलचक रिव्ह्यू लिहून ठेवलाय, अजून टाकलेला नाही. टाकू का? आणि तिथेच बोलायला हवं होतं का? तुमचेही अनुभव लिहा, चांगले पण आणि वाईट पण.

निवांत

टाका रिव्ह्यू. विचार कसला करताय? एवढे पैसे घेतात ते जेवणाचे नुसते नसतात, त्या संध्याकाळचे असतात. पाऊण तास एका वयस्कर बाईंना उभं ठेवणं याला माफी नाही, किचनमध्ये काहीही झालेलं असो. एक खुर्ची द्यायला काय लागतं?

चिमूटभर

रानजाई, वाचून वाईट वाटलं. आपण कुणाला तरी प्रेमाने कुठेतरी घेऊन जातो आणि तिथे फजिती होते तेव्हा जेवण खराब झाल्याचं दुःख कमी आणि आपण तोंडघशी पडल्याचं जास्त असतं. बाबा फार गोड आहेत तुमचे.

तवाउलथनं

मी अकरा वर्षं किचनमध्ये काढली आहेत, आता सोडलं. रेस्टॉरंटची बाजू घेत नाहीये आधीच सांगतो, पण त्या रात्री काय झालं असेल ते तुमच्या वर्णनावरून मला जवळजवळ दिसतंय, म्हणून लिहितो.

किचन आणि हॉलच्या मधे एक लांब कट्टा किंवा खिडकी असते, तिला पास म्हणतात. सगळ्या प्लेटा तिथे येतात आणि तिथे एकच माणूस उभा असतो जो केओटी (वेटरने आणलेली ऑर्डरची चिठ्ठी) वाचून ओरडतो, कुठल्या टेबलचं काय कधी लावायचं ते ठरवतो, प्लेटची कड पुसतो, हात लावून बघतो गरम आहे का, आणि मगच सोडतो. ही पद्धत जुनी आहे, एस्कॉफिये नावाच्या फ्रेंच शेफने १९व्या शतकाच्या शेवटी मोठ्या हॉटेलांच्या किचनमध्ये प्रत्येक स्टेशनला एक जबाबदार माणूस अशी घडी बसवली, मासेवाला वेगळा, सॉसवाला वेगळा, आणि पासवर ऑर्डरी पुकारणाऱ्याला फ्रेंचमध्ये जे नाव आहे त्याचा अर्थच "ओरडणारा" असा होतो. चार माणसांच्या टेबलला चार वेगवेगळे पदार्थ असतील तर एक बावीस मिनिटं घेणारा, एक सहा मिनिटं घेणारा, आणि चारही एकाच क्षणी पासवर यायला हवेत. हे जमवणं म्हणजेच खरं किचन, एकेक पदार्थ चांगला करणारे खूप मिळतात.

आता तुमचा मासा. कातडी कर्र व्हायची तर ती आधी अगदी कोरडी पुसावी लागते, कारण पाणी असेपर्यंत ती जागा १०० अंशाच्या वर जातच नाही, आणि खरपूस रंग आणि वास येणारी जी क्रिया आहे (मायार्ड या फ्रेंच केमिस्टने १९१२ मध्ये तिच्यावर लिहिलं, त्याच्याच नावाने ओळखतात) तिला साधारण १४० च्या पुढे जोर येतो. मासा तव्यात टाकल्यावर पहिले काही सेकंद उलथन्याने दाबून धरायचा नाहीतर कातडी आकसून वाकते, आणि मग जवळजवळ सगळा वेळ कातडीच्या बाजूनेच शिजवायचा. झाला की लगेच प्लेट आणि लगेच टेबल. तो पासवरच्या गरम ठेवायच्या दिव्याखाली चार-पाच मिनिटं जरी बसला तरी आतली वाफ बाहेर येते आणि कातडी ओली होते. तुमचे तीन मासे पासवर चौथ्या प्लेटची वाट बघत बसले असणार, बाबांची प्लेट कुठल्यातरी कारणाने परत करावी लागली असणार, आणि शेवटी कुणीतरी वैतागून तीन प्लेटा सोडून दिल्या. ती चूकच आहे. चांगल्या पासवरचा माणूस चारही फेकतो आणि चारही नव्याने करायला लावतो, आणि तेवढ्यात टेबलवर कुणालातरी पाठवून सांगतो की थोडा वेळ लागतोय. म्हणजे त्या रात्री पासवर कुणी नव्हतं, किंवा जो होता तो दुसरंच काहीतरी करत होता.

आणि ताई, हे मनापासून सांगतो, तुम्ही "छान आहे" म्हणालात ना, तेवढंच आत पोचलं. आत कुणालाच कळलं नाही. पहिल्या दोन घासांत सांगितलं तर काहीतरी करता येतं, प्लेट संपल्यावर फक्त माफी मागता येते, आणि आठवड्याने रिव्ह्यू वाचल्यावर तर काहीच नाही, नुसतं पोटात गोळा येतो. मी असे रिव्ह्यू मोठ्याने वाचून दाखवलेले ऐकलेत, सगळं किचन मान खाली घालून उभं.

निवांत

दादा माहिती छान दिलीत, खरंच, पण माझा मुद्दा तोच राहतो. गिऱ्हाइकाने का म्हणून किचन समजून घ्यायचं? मी डॉक्टरकडे जातो तेव्हा त्याच्या कंपाउंडरची रजा हा माझा प्रश्न नसतो. आणि सांगायचं म्हणता तर जो माणूस न थांबता विचारतोय त्याला सांगायचं तरी कसं? त्याला उत्तर नकोच होतं.

तवाउलथनं

हे मान्य. न थांबता विचारणं हे न विचारण्यापेक्षा वाईट. आम्हाला एका जुन्या कॅप्टनने (वेटरांच्या मुख्याने) शिकवलं होतं, की असं मोघम विचारायचंच नाही, पदार्थाचं नाव घेऊन विचारायचं, "मासा गरम आहे ना?" मग माणूस खरं सांगतो. आणि विचारायच्या आधी प्लेट बघायची, कुणी जेवण बाजूला सारलंय का, कुणी नुसतं चमच्याने ढवळतंय का.

शेंगदाणा_नको

मला याच विषयावर लिहायचं होतं, फक्त माझ्यासाठी हा चवीचा प्रश्न नाहीये. मला शेंगदाणा आणि बहुतेक सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे, साधी खाज येणारी नाही, घसा बंद होणारी. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन कायम पर्समध्ये असतं.

वाईट अनुभव आधी. खूप नावाजलेलं ठिकाण, बुकिंग करताना लिहिलं होतं, टेबलवर बसल्यावर परत सांगितलं. वेटर हसून म्हणाला काळजी करू नका मॅडम, वरचे नट्स काढून टाकायला सांगतो. या एका वाक्यावर मी उठायला हवं होतं. काढून टाकणं हे उत्तरच नाही, ज्या प्रथिनाने त्रास होतो ते शिजवल्याने, तळल्याने जात नाही आणि वरून उचलून घेतल्याने तर नाहीच, कण पुरतो. पण सोबत ऑफिसची सहा माणसं होती, मला तमाशा नको होता. सॅलडच्या दुसऱ्या घासाला ओठ बधिर झाले. पुढचं लिहीत नाही, रात्र हॉस्पिटलमध्ये गेली. नंतर कळलं की सॅलडवरचं ड्रेसिंगच नट्स वाटून केलेलं होतं आणि वेटरला ते माहीतच नव्हतं. त्याचा राग नाही येत मला आता, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. "माहीत नाही, विचारून येतो" असं म्हणायची मुभा त्याला कुणी दिली नव्हती.

नंतर दोन वर्षं मी बाहेर जेवले नाही. मग मैत्रिणीने हट्ट धरला, तिच्या माहितीतलं एक छोटं रेस्टॉरंट, शेफ बाईच चालवतात. बुकिंग झाल्यावर आदल्या दिवशी मला फोन आला, स्वतः शेफचा. त्यांनी विचारलं नक्की काय काय चालत नाही, तीळ चालतात का, नुसता स्पर्श झाला तर त्रास होतो का, मागच्या वेळी किती वेळात रिॲक्शन आली होती, इंजेक्शन आणणार आहात ना. आणि मग म्हणाल्या की आमच्या मेन्यूतल्या तीन गोष्टी मी तुम्हाला सुरक्षित देऊ शकते, बाकीच्या नाही, डेझर्ट तर अजिबात नाही कारण तिथे एकच मिक्सर आहे, तुमच्यासाठी फळांचं काहीतरी वेगळं करीन. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. "सगळं होईल" म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही, "एवढंच होईल" म्हणणाऱ्यावर बसतो. दुसऱ्या दिवशी माझी प्लेट बाकीच्यांच्या आधी, वेगळ्या रंगाच्या प्लेटमध्ये, शेफनी स्वतः आणून ठेवली आणि सांगितलं की वेगळं पॅन, कापायची वेगळी पाटी, वेगळा चिमटा. मी त्या दिवशी घाबरत घाबरत जेवायला सुरुवात केली आणि अर्ध्यात लक्षात आलं की मी नुसती जेवतेय, बाकी कसला विचारच करत नाहीये.

युरोपात १४ प्रकारच्या ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती सुट्या अन्नासाठी सुद्धा द्यावी लागते, २०१४च्या डिसेंबरपासून, म्हणजे रेस्टॉरंट पण त्यात आली. अमेरिकेत पाकिटावर लिहायच्या यादीत २०२३ पासून तीळ नववा आला. पण कायदा असो नसो, तो आदल्या दिवशीचा फोन कुठल्या कायद्यात बसत नाही.

चिमूटभर

शेंगदाणा_नको, अंगावर काटा आला. "माहीत नाही, विचारून येतो" हे वाक्य मी आमच्या कामाच्या ठिकाणी पण भिंतीवर लावणार आहे.

हळू_बोला_काका

वय ६८, दोन्ही कानांना मशीन. माझी तक्रार एकच, ती म्हणजे आवाज. नवीन झालेली भारी ठिकाणं सगळी सारखीच, खाली दगडी फरशी, वर उघडं छत, भिंतीला काच, टेबलावर कापड नाही, खुर्चीला गादी नाही. आवाज शोषून घेणारी एक वस्तू नाही खोलीत. मग एक टेबल बोलतं, दुसरं त्याच्यावर आवाज चढवतं, तिसरं आणखी, यालाही नाव आहे, लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टरने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हे नोंदवून ठेवलंय की भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज वाढवतोच. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं. मी मोबाईलवर मोजलं होतं एकदा, ८४ दाखवत होतं, फोनचा आकडा अगदी काटेकोर नसेल, पण ८५ च्या आवाजात आठ तास काम करणाऱ्यांच्या कानांची काळजी घ्यायला सांगतात, आणि मी तिथे नातीच्या वाढदिवसाला तिचं बोलणं ऐकायला गेलो होतो. ती काय बोलली त्यातलं मला काही ऐकू आलं नाही, मी नुसता हसत राहिलो. मशीनचा उपयोग होत नाही अशा वेळी, ते ताटंवाट्यांचा आवाज पण मोठा करतं.

चांगला अनुभवही आहे. दुसऱ्या एका ठिकाणी सुनेने बुकिंग करताना सांगितलं होतं की बाबांना ऐकायला कमी येतं. तिथल्या मुलीने आम्हाला कोपऱ्यातलं टेबल दिलं आणि मला भिंतीकडे पाठ करून बसवलं, म्हणजे मागून आवाज येत नाही आणि समोरच्यांचे ओठ दिसतात. वरचा स्पीकर तिने बंद केला. मेन्यू सांगायला आली ती माझ्या समोर येऊन, चेहरा उजेडात ठेवून, सावकाश. ओरडून नाही. जेवण बरं होतं, विशेष काही नाही, पण आम्ही आता दर वेळी तिथेच जातो.

गुलबक्षी

काका, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. बुकिंगच्या वेळी सांगायचं हे मला कधी सुचलंच नव्हतं, आमच्या आईसाठी नक्की करीन.

रानजाईच्या मूळ प्रश्नावर मला एक वेगळंच म्हणायचंय. कुणी म्हणेल एक दिवस वाईट गेला, होतं असं. पण या पातळीवर खरी परीक्षा तीच असते ना? रेस्टॉरंटांना मिळणारे मिशलँचे स्टार सगळ्यांना माहीत असतात, टायर कंपनीने १९०० साली गाडीवाल्यांसाठी छापलेलं फुकट पुस्तक होतं ते, स्टार १९२६ पासून, आणि एक-दोन-तीन ही चढण १९३१ पासून. ते स्टार देताना बघतात काय, तर कच्च्या मालाचा दर्जा, हातातलं कसब आणि चवींचा मेळ, शेफचं स्वतःचं काही त्यात दिसतं का, आणि शेवटचं म्हणजे सातत्य, सगळ्या मेन्यूत आणि वेगवेगळ्या भेटींत. खुर्च्या, पडदे, वेटरचं अदबीने बोलणं याला स्टारमध्ये जागाच नाही. म्हणजे त्यांच्या हिशोबाने रानजाईच्या आईला उभं ठेवलं ते मोजलंच जाणार नाही, पण मासा मऊ आला ते मोजलं जाईल. आणि माझ्या हिशोबाने अगदी उलट आहे. मासा मी विसरेन, आईला उभं ठेवलेलं नाही विसरणार.

अजून एक, एकेक पदार्थ गरम गरम आणून देणं हीच मुळात या जेवणाची सगळी कल्पना आहे. पूर्वी फ्रान्समध्ये मेजवानीत सगळं एकदम टेबलावर मांडायचे, दिसायला राजेशाही पण बरंचसं गार. १९व्या शतकात रशियन पद्धत आली, एकामागून एक कोर्स, प्रत्येकाच्या समोर. म्हणजे गरम प्लेट एकाच वेळी सगळ्यांना, यासाठीच तर तो सगळा खटाटोप सुरू झाला. चार जणांत एकाची प्लेट पंधरा मिनिटं उशिरा म्हणजे मुळावरच घाव.

द्राक्षवेल

वाइनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. बाटली उघडून घोटभर चाखायला देतात ते आवडली का विचारायला नाही, बाटली खराब तर नाही ना हे बघायला. बुचामुळे कधीकधी एक दोष येतो, ओल्या पुठ्ठ्यासारखा, दमट तळघरासारखा वास. मला हे माहीत नसताना वर्षानुवर्षं मी मान डोलवून "छान" म्हणत आलो. एकदा धीर करून म्हटलं की मला वास बरोबर वाटत नाहीये, नक्की सांगता येत नाही. सोमेलिएने (तिथली वाइन बघणारी जाणकार) ग्लास नाकाशी नेला, एक शब्द न बोलता बाटली उचलली आणि दुसरी आणली, आणि दोन्ही ग्लास शेजारी ठेवून म्हणाली आता वास घेऊन बघा. त्या दोन मिनिटांत मी जे शिकलो ते आयुष्यभर पुरेल. दुसऱ्या एका ठिकाणी मात्र "सर ही वाइन अशीच असते" असं ऐकवलं, आणि आम्ही ती बाटली तशीच ठेवून उठलो.

निवांत

द्राक्षवेल, हेच. दोन्हीकडे बाटली खराब होती, फरक फक्त समोरच्या माणसाचा. मी थोडा मवाळ झालोय हा धागा वाचून. पण रानजाई, तुम्ही पैसे दिलेत त्या न खाल्लेल्या डेझर्टचे, ते परत मागाच.

तवाउलथनं

गुलबक्षी, सातत्याचा मुद्दा अगदी खरा. पण छोट्या ठिकाणी तेच सगळ्यात अवघड. मोठ्या हॉटेलात मासेवाला आजारी पडला तर मागे दुसरा उभा असतो. शेफच मालक असलेलं ठिकाण म्हणजे एकखांबी तंबू, एक माणूस आला नाही की मालक स्वतः तव्यावर आणि पास मोकळा.

आणि एक गोष्ट गिऱ्हाइकाच्या बाजूचीही लिहितो, राग मानू नका. बुकिंग करून न येणं. ३० खुर्च्यांच्या ठिकाणी चौघांचं एक टेबल आलं नाही तर त्या रात्रीची १३ टक्के विक्री गेली, आणि माल तर सकाळीच घेतलेला असतो, मासा उद्यापर्यंत थांबत नाही. म्हणून मग लोक जास्तीची बुकिंगं घेतात, आणि ज्या दिवशी सगळेच येतात त्या दिवशी कुणाची तरी आई दाराशी उभी राहते. शिकागोत ग्रँट ॲकॅट्झ आणि निक कोकोनस यांनी २०११ मध्ये नेक्स्ट नावाचं रेस्टॉरंट उघडलं तेव्हा नाटकासारखी आधीच तिकिटं विकायला सुरुवात केली होती ती यासाठीच. मला ती पद्धत तितकीशी आवडत नाही, आजारपण येतं, मुलं आजारी पडतात, पण कारण समजतं. येणार नसाल तर दुपारपर्यंत एक फोन करा एवढंच.

चिमूटभर

मी केलंय हे, दोन-तीनदा. दोन ठिकाणी बुक करायचं आणि आयत्या वेळी ठरवायचं. यामुळे आत काय होतं हे डोक्यातच आलं नव्हतं. परत नाही करणार.

रानजाई

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. दोन आठवडे लिहिलं नाही कारण बरंच काही झालं.

तवाउलथनं दादांचं वाचून मी रिव्ह्यू टाकायच्या आधी रेस्टॉरंटला मेल केली. रागाने नाही, जसं घडलं तसं, कोण किती वाजता आलं, काय गार होतं, आईचे गुडघे, बिल, सगळं. आणि पहिल्या वेळी ग्लास डावीकडे आला होता ते पण लिहिलं. दुसऱ्या दिवशी मालकाचं उत्तर आलं. आधी त्यांनी आईची माफी मागितली, माझी नंतर. मग लिहिलं की त्या संध्याकाळी मासे करणारा मुलगा आलाच नाही, ते स्वतः त्याच्या जागी उभे होते, पासवर कुणी नव्हतं (दादा, तुम्ही अगदी तेच म्हणालात!), आणि बाबांची पहिली प्लेट जळली होती. पण पुढचं वाक्य मला फार आवडलं, की हे कारण आहे, सबब नाही, माणूस कमी होता तर मी चार टेबलं कमी घ्यायला हवी होती, ते मी केलं नाही. डेझर्टचे पैसे त्याच दिवशी परत आले. फुकट जेवायला या असं काही त्यांनी लिहिलं नाही, एवढंच लिहिलं की आईबाबांना परत यावंसं वाटलं तर मला आधी कळवा.

बाबा नको म्हणत होते, आईच म्हणाली जाऊया, माणसाने एवढं लिहिलंय तर. काल गेलो. दाराशी एक खुर्ची ठेवलेली होती, ती आमच्यासाठी नवीन होती की आता कायमचीच आहे ते मी विचारलं नाही. टेबल तयार होतं, आई बसली नाहीच खुर्चीवर. सूप गरम होतं. मासा चौघांचा एकदम आला, आणि आता ऐका, बाबांनी पहिला घास घेतला आणि वेटरला म्हणाले, "हा मधे थोडा गार वाटतोय हो." मी आणि नवरा एकमेकांकडे बघतोय. बाबा, जे आयुष्यात कधी कुणाला परत काही मागत नाहीत! ती मुलगी म्हणाली सांगितलंत ते बरं झालं, आणि नुसती त्यांची नाही, आमच्या तिघांच्या पण प्लेटा उचलल्या, म्हणाली एकत्रच आणते. मी घड्याळ बघितलं, नऊ मिनिटं. चार नवे मासे. बाबांनी काट्याने कातडी तोडली तर पलीकडच्या टेबलला ऐकू गेलं असेल.

जुना रिव्ह्यू पुसून टाकला. नवा लिहितेय, त्यात तिन्ही रात्री येतील, मधली सुद्धा.

निवांत

चार नवे मासे! ठीक आहे, या माणसापुढे मी शरण.

हळू_बोला_काका

फार आनंद झाला ताई. एक विचारायचं होतं, तिथे आवाज कसा असतो?

रानजाई

काका, लाकडी फरशी आहे आणि टेबलांवर जाड कापड. गाणी अगदी हळू. कोपऱ्यातली दोन टेबलं आहेत, खिडकीजवळचं नको, रस्त्याचा आवाज येतो, आतलं घ्या. तुम्हाला फोन नंबर मेसेज करते.

शेंगदाणा_नको

मलाही पाठवशील का? मी आधी त्यांना फोन करून विचारून बघते, काय म्हणतात ते इथेच येऊन सांगीन.